तिला घर सोडायचं नाहीये, मार थांबवायचाय

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या फ्रूटव्हेल भागात मी घरगुती हिंसाचार सोसलेल्या बायकांची समुपदेशक म्हणून काम करते. बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनातून बाहेर पडून इंटरनॅशनल बुलेवार्डला लागलं की पाट्या स्पॅनिशमध्ये दिसायला लागतात. टाकोच्या गाड्या, गावी पैसे पाठवायची दुकानं, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे मांडलेल्या काचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी मेक्सिको, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरमधून आलेल्या. घरं साफ करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी मंडळींना मी काय करते हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "मग त्या नवऱ्याला सोडत का नाहीत?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात: "त्यांच्या संस्कृतीतच असेल ना ते." हे दुसरं वाक्य मला फार लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची पाहणी सांगते की हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, बायकांपैकी साधारण तिघींत एकीला आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून मारहाण, बलात्कार किंवा पाठलाग सोसावा लागतो. गोऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण तेवढंच, किंबहुना किंचित जास्त आहे. पण गोऱ्या बाईने मार खाल्ला की कुणी तिच्या संस्कृतीची चौकशी करत नाही.

आधीच सांगते, इथे लिहिलेली एकही बाई जशीच्या तशी कुणी एक नाही. तपशील बदललेत, दोघी-तिघींचं एकत्र केलंय. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मी मुंबईत एमएसडब्ल्यू केलं. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला होता; तिथलं काम मी विद्यार्थिनी असताना जवळून पाहिलं. येणाऱ्या बायका एकच मागायच्या, "त्याला जरा समज द्या." तक्रार नको, घटस्फोट नको, मुलांच्या बापाला कोठडी तर नकोच. त्याने हात उचलणं थांबवावं, पगार घरात द्यावा, सासूसमोर चारित्र्यावर बोलू नये. कायद्याची पुस्तकं वाचून आलेल्या आम्हा मुलींना तेव्हा ते अपुरं वाटायचं. तिथल्या ताई मात्र तिथूनच सुरुवात करायच्या. ती जे मागतेय ते आधी ऐका, मग त्यातलं काय होण्यासारखं आहे आणि कशात धोका आहे ते तिला सांगा.

कॅलिफोर्नियात हे काम करायचं तर चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं. ते असेल तरच बाईने समुपदेशकाला सांगितलेलं कोर्टातही गुप्त ठेवण्याचं कायदेशीर संरक्षण मिळतं. प्रशिक्षण चांगलं होतं. सांस्कृतिक जाणिवेवर एक सत्रही होतं आणि त्यात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, कुटुंबांची वैशिष्ट्यं एका पानावर दिली होती: कुटुंबाला प्राधान्य, पुरुषी वर्चस्व, धार्मिकता, मोठ्यांचा मान. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण तेच पान साताऱ्याच्या माझ्या आत्याच्या घराला लावलं असतं तरी चाललं असतं, आणि त्यावरून आत्याने काकांना कसं तोंड दिलं याचा पत्ता लागला नसता.

पहिल्या भेटीत मी फॉर्म काढत नाही. फॉर्म मोठा आहे, भरायचा असतोच, पण नंतर. आधी कॉफी, आणि पलीकडच्या बेकरीतून आणलेला गोड पाव. ती विचारते, तुम्ही कुठल्या? तुम्हाला मुलं किती? आई आहे का, कुठे असते? इथल्या प्रशिक्षणात शिकवतात की समुपदेशकाने स्वतःबद्दल बोलू नये. मी बोलते. आई सांगलीला आहे, गुडघे दुखतात, रविवारी फोन करते, एवढं सांगते. ज्या बाईला अनोळखी माणसासमोर नवऱ्याने अंथरुणात काय केलं ते सांगायचंय, तिला समोरचं माणूस कुणाची तरी मुलगी आहे एवढं तरी कळायला हवं. मी तिला "तुम्ही" म्हणते. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखा तू आणि तुम्ही असा भेद आहे, आणि मध्य अमेरिकेतल्या कितीतरी घरांत आईलाही तुम्हीच म्हणतात. विशीतली अमेरिकन मुलगी हातात फाईल घेऊन चाळिशीच्या बाईला अरे-तुरे करायला लागली की बाई मान खाली घालते आणि सगळ्याला हो म्हणते.

ती "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. डोकं दुखतं, पाठ धरते, हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि "नेर्व्हिओस" झालेत, म्हणजे नसा बिघडल्यात, म्हणते. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की अमेरिकी मानसोपचाराच्या निदान-ग्रंथानेही तिची नोंद घेतली आहे. आजी करायची तसा कॅमोमाइलचा काढा ती करून पिते. पिऊ दे. मी विचारते, काढा कधी लागतो, दिवसा की रात्री? शुक्रवारी जास्त? शुक्रवारी पगार होतो, तो पिऊन येतो. गोष्ट अशी सुरू होते.

मग कॅलेंडर. धोका मोजण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी ऐंशीच्या दशकात तयार केलेली प्रश्नावली आम्ही वापरतो. तिची सुरुवातच गेल्या वर्षाच्या कॅलेंडरपासून होते. मारहाण झाली त्या दिवसांवर खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेला तीव्रतेचा आकडा द्यायचा: ढकललं, थोबाडीत मारली इथपासून ते हत्यार काढलं इथपर्यंत. छापील कॅलेंडर समोर ठेवलं की बाई गप्प होते. "आठवत नाही हो." पोलिसांच्या अहवालात हेच "तपशील सांगू शकत नाही" असं उतरतं.

तिला सगळं आठवत असतं. फक्त तारखांनी नाही. म्हणून मी आमच्या कॅलेंडरवर आधी तिचे दिवस लिहून घेते. १२ डिसेंबर, ग्वादालूपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकोच्या मेरीमातेचा दिवस. नाताळाआधीचे पोसादासचे नऊ दिवस. इस्टरचा आठवडा. मेक्सिकोत मातृदिन १० मेलाच असतो, तो. धाकट्याचं बारसं म्हणजे चर्चमधला बाप्तिस्मा, थोरलीचा चर्चमधला पहिला प्रसाद, भाचीचा पंधरावा वाढदिवस. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे मृतांच्या दिवसाची मोठी जत्रा भरते, ती. मग बोट आपोआप फिरायला लागतं. "ग्वादालूपेच्या आदल्या रात्री. पहाटे चर्चमध्ये गाणी असतात, मला जायचं होतं, त्याने बूट लपवले. मग भिंतीवर ढकललं." खूण, आकडा. "बाप्तिस्म्याच्या जेवणानंतर. त्याच्या भावाशी हसले म्हणून." खूण. "इथे, १० मेला, काही नाही. त्या दिवशी त्याने फुलं आणली." तिथे खूण नाही, आणि ती फुलंही मी लिहून ठेवते, कारण ती तिच्यासाठी खरी होती.

एकदा एक बाई फेब्रुवारीच्या एका रविवारवर बोट ठेवून थांबली. म्हणाली, त्या दिवशी फार नाही, नुसतं इथे धरलं. आणि हात गळ्याशी नेला. मार नाही, रक्त नाही, वळ नाही, म्हणून तिच्या हिशेबात ते थोबाडीत मारण्याहूनही कमी होतं. मी विचारलं, श्वास अडकला होता? डोळ्यांपुढे अंधारी? आवाज बसला होता नंतर? गिळताना दुखत होतं? सगळ्याला हो. जोडीदाराने आधी कधी गळा आवळलेला असेल तर पुढे त्याच्या हातून त्या बाईचा खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक वाढते, हे अमेरिकेतल्याच अभ्यासातून निघालेलं आहे. मी तिला ते सांगितलं, आकड्यासकट. अशा वेळी संस्कृतीचा मान राखायचा म्हणून गुळमुळीत बोलायचं नसतं. तिने बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहिलं आणि स्वतःच पेन घेऊन आकडा मोठा केला.

आता कागदपत्रं. मला खात्री आहे की "संस्कृती" म्हणून जे खपवलं जातं त्यातलं बरंच घरभाडं आणि कागद असतात. मिनेसोटातल्या डुलूथ गावी १९८४ साली मारहाण झालेल्या बायकांशी बोलून सत्तेचं आणि नियंत्रणाचं एक चक्र आखलं गेलं. मारहाणीभोवती धमकी, एकटं पाडणं, पैशाची नाडी हातात ठेवणं असे आरे. स्थलांतरित बायकांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात पासपोर्ट लपवणं, तिच्या नावाचा अर्ज मुद्दाम न भरणं, "पोलिसांना फोन केलास तर तुलाच विमानात बसवतील आणि पोरं माझ्याकडे राहतील" हे आरे आहेत. आणि याच लॅटिना नावाच्या खणात अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाची बाईही बसते, जी १९१७ पासूनच्या कायद्यामुळे जन्मानेच अमेरिकन नागरिक आहे. तिची आजीही सोसत आली, तीही चर्चला जाते, पण विमानात बसवण्याची धमकी तिला लागूच होत नाही. तिला सुटायला अडचणी असतात, पण वेगळ्या. संस्कृती एक आणि वागणं दोन, असं का, तर कागद वेगळे.

हे मला चटकन उमगलं याचं एक कारण माझ्या स्वतःच्या पासपोर्टात होतं. मी एच-फोर व्हिसावर इथे आले. नवऱ्याच्या नोकरीवर लटकलेला व्हिसा. २०१५ च्या मे महिन्यात काही एच-फोर बायकांना कामाचा परवाना मिळायला लागला, त्याआधी माझ्या नावावर इथे कमाई शून्य. माझा नवरा भला माणूस आहे, म्हणून ते दिवस मी कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश शिकण्यात घालवले. तो भला नसता तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे, कारण तशा मराठी बायकांशीही मी बोललेय. न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ साली दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी राहिली ती उगीच नाही.

तर मी काय करते? आधी धमकीतलं खरं-खोटं वेगळं करते. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली ती त्याला न सांगता ग्रीन कार्डच्या वाटेवरचा स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते, आणि सरकारने त्याला त्याबद्दल कळवायचं नाही असं बंधन आहे. दोघंही कागदाविना असतील तर गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी २००० साली आलेला यू व्हिसा आहे. त्याला पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाची सही लागते. पण वर्षाला दहा हजारच व्हिसे, मागे रांग प्रचंड, कितीतरी वर्षांची. हे मी लपवत नाही. खोटी आशा दाखवणाऱ्या नोटारिओंनी या बायकांना आधीच पुष्कळ लुबाडलंय. मेक्सिकोत नोटारिओ म्हणजे मोठा वकील. इथे त्याच पाटीखाली कुणीही दुकान थाटून बसतो. मी तिला वकिलाकडे पाठवते, आणि जमलं तर बरोबर जाते.

घर सोडायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. माझं काम ती तिथे असताना आणि तिथून निघाली तरी जिवंत राहील असं पाहण्याचं. आणि प्रशिक्षणातल्या त्या पानावरच्या ज्या गोष्टी लोकांना अडथळा वाटतात, त्याच इथे कामाला येतात. कोमाद्रेचंच घ्या. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता होणारी बाई, ती मुलाच्या आईची आयुष्यभराची कोमाद्रे. मैत्रिणीहून जवळची, बहिणीसारखी बांधील, आणि नवऱ्यालाही तिच्यासमोर जपून वागावं लागतं, कारण ते नातं देवासमोर जोडलेलं असतं. शेल्टरमध्ये, म्हणजे निवारागृहात, अनोळखी लोकांत जायला नकार देणारी बाई कोमाद्रेकडे एक रात्र सहज जाते. म्हणून मी विचारते, तुमची कोमाद्रे कोण? तिला माहितीये? मग मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, थोडी रोकड, औषधं आणि जादा किल्ली असलेली पिशवी कोमाद्रेच्या कपाटात जाते. ठरलेला निरोप असतो: फोन करून एखाद्या पदार्थाची कृती विचारली की समजायचं, गाडी घेऊन ये. अर्थात काही घरांत कोमाद्रे त्याच्याच बाजूची निघते, म्हणून आधी नीट विचारून घेते.

चर्चचंही तसंच. "मी देवासमोर शपथ घेतलीये" असं ती म्हणते तेव्हा मी देवाशी वाद घालत नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीच १९९२ साली, आणि पुन्हा २००२ साली, लेखी सांगितलंय की लग्नातली मारहाण कधीही समर्थनीय नाही आणि मारझोडीच्या लग्नात राहण्याची कुणाकडूनही अपेक्षा नाही. ते स्पॅनिशमध्ये छापून ठेवलंय. ते पान वाचून एकीने विचारलं, हे आमच्या पाद्रींना माहितीये का? आम्ही दोघी पाद्रींकडे गेलो. ते वाचून ते लगेच काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात चर्चच्या बायकांच्या स्वच्छतागृहात आमच्या फोन नंबरच्या चिठ्ठ्या लागल्या. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे नवरा येत नाही.

पुरुषांबद्दल थोडंच लिहिते. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात दोषी ठरून प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा, मिळालं तर बावन्न आठवड्यांचा वर्ग सक्तीचा असतो. काही जण सुधारतात, काही नुसते हजेरी लावतात. जेरी टेल्यो आणि त्यांचे साथी लॅटिनो पुरुषांना गोल बसवून, शब्द पाळणारा पुरुष कसा असतो या त्यांच्याच परंपरेतल्या कल्पनेपासून सुरुवात करतात, ते मला पटतं. पण नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवणं मी करत नाही. तो खोलीत असताना ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते.

भाषेचा प्रश्न लोकांना वाटतो त्याहून खोल आहे. फ्रूटव्हेलमध्ये ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेले माम भाषक पुष्कळ आहेत. माम ही माया भाषा. स्पॅनिशशी तिचा काही संबंध नाही. या बायकांचं स्पॅनिश बाजारापुरतं असतं. पोलीस येतो, चेहरा पाहून स्पॅनिश बोलणाऱ्या शिपायाला बोलावतो, ती घाबरून "सी, सी" म्हणते, आणि नवरा, ज्याचं स्पॅनिश चांगलं, तो सगळी हकिकत सांगतो. कधी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मध्ये उभं करतात, आईला बापाने काय केलं ते मुलाच्या तोंडून वदवतात. हे पाहिलं की माझं रक्त तापतं. मामचा दुभाषी शोधायचा तर त्यातही पेच: समाज लहान, दुभाषी त्याच्याच गावचा, कदाचित चुलतभाऊच निघायचा. म्हणून फोनवरून दुसऱ्या राज्यातला दुभाषी घ्यायचा, तिचं नाव त्याला सांगायचं नाही, आणि आधी तिला त्याचा आवाज ऐकवायचा. तिने मान हलवली तरच पुढे. मामवरून स्पॅनिश, स्पॅनिशवरून इंग्रजी, अशा दोन उड्या पडतात. एका तासाचं काम तीन तास चालतं. सरकारी कामात लोकांना समजेल अशा भाषेत सेवा द्यायला सांगणारा २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश २०२५ च्या मार्चमध्ये रद्द झाला. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणी अजून दुभाषी फुकट मिळतो, पण कोर्टापर्यंत यायचीच आता बायकांना भीती वाटते. बाहेर इमिग्रेशनची गाडी असेल का, हा प्रश्न मारहाणीच्या आधी विचारला जातो.

हे सगळं नवीन नाही. १९८२ साली मिनेसोटातल्या सेंट पॉलला काही लॅटिना बायकांनी स्वतःचं निवारागृह काढलं, ते आता एस्पेरान्सा युनायटेड या नावाने देशभर काम करतं. आजही जिथे शेल्टरच्या स्वयंपाकघरात तिला स्वतःच्या हाताने राजमा शिजवता येतो, तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकता येतात, तिथे ती टिकते. जिथे ठरल्या वेळी सँडविच मिळतं तिथून तिसऱ्या दिवशी मुलं "घरी जाऊया" म्हणतात.

आता आपल्या लोकांसाठी. फ्रीमाँट, सनीवेल, डब्लिन, सॅन रमोन, आपल्या कितीतरी घरांत आठवड्यातून एकदा सफाईला किंवा रोज मुलं सांभाळायला येणारी बाई लॅटिना असते. तिच्या हातावर वळ दिसले, उन्हाळ्यात गळ्याला स्कार्फ दिसला, तर नवऱ्यासमोर किंवा तिला सोडायला येणाऱ्या माणसासमोर विचारू नका. घरात दोघीच असताना, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून विचारा, आणि एकदाच विचारा. ती नाही म्हणाली तर विषय सोडा, पण दार उघडं आहे हे तिला कळू द्या. तिला विचारल्याशिवाय पोलिसांना फोन करू नका. समोर मारहाण चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिचा फोन तो तपासत असेल, तर तुमच्या फोनवरून तिला बोलू द्या. राष्ट्रीय मदत क्रमांकावर स्पॅनिशमध्ये दिवसरात्र बोलता येतं. कागदांची पिशवी ठेवायला तुमच्या कपाटात जागा करा आणि ती उघडून पाहू नका. आणि पगार. पुष्कळ घरांतून तो नवऱ्याच्या खात्यात ॲपवरून जातो, कारण खातं त्याचंच असतं. तिला एकटीला विचारा, पैसे कसे हवेत. रोख हवेत म्हणाली तर रोख द्या, सगळे नको, थोडेच बाजूला हवेत म्हणाली तर तसे द्या. अचानक सगळी रक्कम वळवली तर त्याला संशय येतो, म्हणून किती आणि कधीपासून, ते तिलाच ठरवू द्या.